पहिला थेंब कुणी टाकला?

वसईच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा माझी नोकरी पक्की नव्हती, तासांवरची होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन बोळिंजच्या नव्या इमारतीत राहायला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. माहेर रत्नागिरीकडचं, एमएस्सी मुंबईत केलेली. डोक्यात एमएस्सीची हवा अजून पुरती उतरलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या हवेमुळेच झालं.

आमच्या विभागात प्रमुख होते एक सर. मूळचे साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले, खिशाला तीन पेनं आणि कमरेच्या पट्ट्याला फ्रिजची किल्ली. रागवायचे नाहीत, पण हसायचेही नाहीत. प्रयोगशाळा सांभाळायला मावशी होत्या. निर्मळच्या, घरची केळीची आणि फुलांची वाडी. सकाळी वाडीत पाणी लावून, मोगरा खुडून, नवऱ्याकडे टोपल्या सोपवून त्या माझ्याच एसटीत चढायच्या. माझ्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायच्या आणि गाडीत गावातली कुणी भेटली की तिच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत सुरू व्हायच्या. त्यातलं मला निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं माझ्याबद्दल असावं असं मला उगीच वाटायचं.

त्या वर्षी सरांनी शेवटच्या वर्षाचं एक प्रॅक्टिकल माझ्याकडे सोपवलं. बटाट्याच्या रसातून स्टार्च बनवून दाखवायचा प्रयोग. बटाट्यात एक एन्झाइम असतं. त्याला फॉस्फेटची शेपटी लावलेलं ग्लुकोज दिलं की ते शेपटी काढून टाकतं आणि ग्लुकोज एकाला एक जोडत जातं. साखळी पुरेशी लांब झाली की तोच स्टार्च. आयोडीनचा थेंब टाकला की निळाशार रंग येतो. साखळी झालेलीच नसेल तर आयोडीन पिवळंच राहतं. एरवी झाडाच्या पोटात चालणारं काम इथे काचेच्या नळीत डोळ्यांदेखत होतं, म्हणून मुलांचा हा आवडता प्रयोग होता. शेपटीवालं ग्लुकोज मात्र मुंबईहून मागवावं लागे. अंगठ्याएवढी बाटली, सरांच्या फ्रिजमध्ये, कुलपात.

सरांनी मला त्यांची वही दिली. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात सगळी कृती लिहिलेली. अर्क इतका, ग्लुकोज इतकं, आणि त्याखाली एक ओळ: "पातळ स्टार्च, एक थेंब."

मी ती ओळ दोनदा वाचली. स्टार्च तयार होतो हे दाखवायचं आणि सुरुवातीलाच त्यात स्टार्चचा थेंब टाकायचा? मला ती सरळ लबाडी वाटली. सरांना विचारायला हवं होतं. पण विचारलं तर त्यांना अवघडल्यासारखं होईल, असा मोठेपणा मी मनातल्या मनात करून टाकला आणि ती ओळ गाळली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एमएस्सीला शिकलेलं सगळं मला दाखवायचं होतं. मी बटाट्याचा रस नव्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यातला स्टार्च खाली बसवला, मग क्षार घालून वरच्या रसातली प्रथिनं वेगळी काढली, ती डायलिसिसच्या पिशवीत भरून थंड पाण्यात ठेवली, पाणी चारदा बदललं. पिशवीच्या बारीक छिद्रांतून लहानसहान साखरा निघून जाव्यात आणि आत फक्त एन्झाइम उरावं म्हणून. बर्फ मावशींनी मासळीबाजारातून आणला होता. सबंध प्रयोगशाळेला दोन दिवस बोंबलाचा वास येत होता.

"एवढं धुऊन काय राहणार त्यात?" मावशींनी विचारलं.

"शुद्ध एन्झाइम राहणार," मी म्हणाले.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मुलं जोडीजोडीनं टेबलांवर उभी राहिली. शेवटच्या टेबलावर एकच मुलगी होती, तिची जोडीदारीण आलेली नव्हती. ही अर्नाळ्याची, कोळीवाड्यातली. वर्गात फारशी बोलायची नाही, कारण बोलली की "पानी", "लोनी" असं यायचं आणि पुढच्या बाकावरची पोरं खुसखुसायची. मी ती खुसखुस ऐकायचे आणि पुढे शिकवत राहायचे. त्याबद्दल आजही मला बरं वाटत नाही.

पांढऱ्या टाइलवर छोट्या खळग्यांच्या रांगा असतात. दर पाच मिनिटांनी नळीतला एक थेंब एका खळग्यात टाकायचा, त्यावर आयोडीन. सगळ्यांचा पहिला खळगा पिवळा आला. बरोबर. दुसरा पिवळा. तिसरा पिवळा. वीस मिनिटं झाली, पुढच्या टेबलावरच्या मुलानं टाइल तिरकी करून उजेडात धरली आणि म्हणाला, "मॅडम, हे हळदीचं प्रॅक्टिकल आहे का?"

वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं. पण बाटलीतलं निम्मं ग्लुकोज संपलं होतं आणि सरांचे बूट बाहेरच्या व्हरांड्यात वाजत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, माजं निळं झालंय."

मी जवळजवळ धावतच गेले. तिच्या टाइलवर पहिला खळगा पिवळा, दुसरा किंचित जांभळट, तिसरा गडद, आणि चौथा शाईसारखा निळा. पुस्तकात असतं तस्सं. मला आनंद व्हायला हवा होता. पण बाकीच्या नऊ टेबलांवर पिवळं असताना एकीचंच निळं कसं? माझी नजर तिच्या पिपेटवर गेली. तिच्या टेबलावर पिपेट कमी पडली होती, म्हणून तिनं शेजारच्या स्टँडमधली घेतली होती. त्या स्टँडमध्ये सकाळच्या बॅचनं स्टार्चच्या द्रावणासाठी वापरलेल्या पिपेट होत्या.

"धुतली होतीस का ही?"

"एकदा धुतली होती, मॅडम."

"एकदा! स्टार्च मिसळलास तू. शेवटच्या वर्षाला आलीस, एवढं कळत नाही?"

"पन मॅडम, मी काय टाकलं नाय..."

तिच्या "पन"वर कुणीतरी खुसखुसलं. मी तिचं जर्नल ओढलं, तिनं नीट रेघा मारून लिहिलेल्या नोंदींवर लाल पेनानं आडवी काट मारली आणि वर लिहिलं, "दूषित. ग्राह्य नाही." ती नळ्या धुऊन, टेबल पुसून, दप्तर घेऊन गेली.

संध्याकाळच्या एसटीत मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. गाडीत भाजीच्या रिकाम्या टोपल्या, सायकलची ट्यूब गळ्यात अडकवलेला एक माणूस, आणि खिडकीतून दोन्ही बाजूंना केळीची पानं. मी त्यांना सगळं सांगितलं. प्रयोग फसला, निम्मं ग्लुकोज संपलं, आणि एका पोरीनं घाणेरडी पिपेट वापरून निळं करून दाखवलं.

"म्हणजे पिपेटला स्टार्च होता म्हणून निळं झालं," मावशी म्हणाल्या.

"हो ना."

"मग पहिल्यापासूनच निळं झालं असेल."

"नाही, पहिला खळगा पिवळा..." आणि मी थांबले.

पहिला खळगा पिवळा होता. पिपेटला लागलेला स्टार्च आयोडीनला दिसण्याइतका असता, तर पहिल्याच मिनिटाला निळं दिसायला हवं होतं. तो इतका कमी होता की दिसतच नव्हता. म्हणजे पुढच्या पंधरा मिनिटांत दिसलेला निळा रंग नव्यानं तयार झालेल्या स्टार्चचा होता. सगळ्या वर्गात एन्झाइमनं काम केलं होतं ते फक्त तिच्या नळीत. नऊ टेबलांवर ते ग्लुकोजचा ढीग समोर घेऊन नुसतं बसून राहिलं होतं, आणि तिच्या नळीत मात्र त्याला जोडायला काहीतरी मिळालं होतं.

"मावशी," मी म्हणाले, "त्या पोरीचा प्रयोग बरोबर होता."

"मग तिला बोललात कशाला?" मावशींनी विचारलं. त्यांचा थांबा आला होता. पिशवी उचलून त्या उतरल्या आणि मी बोळिंज येईपर्यंत तोंड खिडकीकडे करून बसले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात सर्वांत आधी पोचले. सर आले तसं त्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. ओळ गाळल्याचंही. त्यांनी शांतपणे विचारलं, "का गाळलीत?"

"लबाडी वाटली, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मलाही वाटायची," ते म्हणाले. "आमच्या सरांनी सांगितलं होतं, टाक. मी टाकत आलो. का, ते त्यांना विचारायचा धीर झाला नाही, आणि नंतर मलाच कुणी विचारलं नाही."

मग त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "करून बघू या. दोघं मिळून."

दोन नळ्या लावल्या. दोन्हींत माझा धुतलेला अर्क, दोन्हींत ग्लुकोज. एकीत स्टार्चचं पाणी एक थेंब, इतकं पातळ केलेलं की त्यावर आयोडीन टाकलं तरी पिवळंच दिसावं. दुसरीत नुसत्या पाण्याचा थेंब. सर घड्याळ धरून बसले. दहाव्या मिनिटाला टाइलवर थेंबवाल्या नळीचा खळगा जांभळा झाला, पंधराव्याला निळा. दुसरीचा तासाभरानंही पिवळाच. सर जागेवरून उठले, टाइल खिडकीपाशी नेली, परत आणली, आणि मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. दात फार छान होते त्यांचे.

त्यांनी कपाटातली जुनी पुस्तकं काढली, मी माझ्या एमएस्सीच्या वह्या. उत्तर तिथेच होतं, मीच परीक्षेपुरतं पाठ करून विसरले होते. हे एन्झाइम दोन सुट्या ग्लुकोजना एकत्र आणून साखळी सुरू करू शकत नाही. त्याला आधीच जोडलेल्या काही ग्लुकोजचा तुकडा लागतो. त्या तुकड्याच्या टोकाला ते पुढचं ग्लुकोज जोडतं, मग त्याच्या पुढचं. साध्या बटाट्याच्या रसात असे बारीक तुकडे तरंगत असतातच, म्हणून साधारणपणे प्रयोग होऊन जातो. मी डायलिसिसची पिशवी लावून, पाणी चार-चारदा बदलून, ते सगळे तुकडे गटारात सोडून दिले होते.

त्या आठवड्यात मी वर्गासमोर उभी राहिले आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. अर्नाळ्याच्या मुलीला पुढे बोलावलं. तिच्या जर्नलवरच्या लाल काटेच्या बाजूला लिहिलं, "बरोबर. चूक माझी," आणि सही केली. "माझं चुकलं," मी तोंडानंही म्हणाले. "वर्गात एकटीचा प्रयोग बरोबर आला होता, तो हिचा."

तिनं जर्नल घेतलं, सहीकडे बघितलं. मला वाटलं ती जागेवर जाईल. पण ती तिथेच उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार ना."

"तुमी म्हनता, आधी तुकडा लागतो. तो असला तरच पुढची साखळी. मग बटाटा उगवला तेव्हा त्याच्यात पयला तुकडा कोनी टाकला?"

पुढच्या बाकावरनं हसू सुरू झालं आणि मध्येच थांबलं. कारण उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. सर दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. हे दोन शब्द वर्गात म्हणायची ती माझी पहिलीच वेळ होती. वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. "शनिवारी मुंबईला जाऊन शोधून येते."

शनिवारी विद्यापीठाच्या लायब्ररीत दिवसभर बसले. मासिकांचे जाड बांधीव गठ्ठे एकामागून एक उघडत गेले. निम्मं उत्तर मिळालं, आणि ते झाडांचं नव्हतं, आपलं होतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लुकोजच्या साखळ्यांचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याची सुरुवात करायला एक वेगळंच प्रथिन आहे. ते कुठल्याही तुकड्याची वाट बघत नाही. पहिलं ग्लुकोज ते स्वतःच्याच अंगावर चिकटवतं. त्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, अशी आठ-दहा ग्लुकोजची छोटी साखळी ते स्वतःवर वाढवतं. मग दुसरी एन्झाइमं येतात आणि त्या टोकापासून पुढचं काम हातात घेतात. शेवटी ग्लायकोजेनचा गोळा तयार होतो तेव्हा त्याच्या पोटात मधोमध ते पहिलं प्रथिन बसलेलं असतं. मी ते वाचलं आणि शेजारच्या माणसानं वळून बघावं इतक्या मोठ्यानं "अरे वा!" म्हणाले.

झाडांबद्दल मात्र नक्की काहीच नव्हतं. तसंच काहीतरी असावं असं कुणी म्हणत होतं, दुसरं कुणी ते खोडून काढत होतं. आणखी एक गोष्ट कळली: आपण नळीत जे एन्झाइम वापरतो, ते जिवंत बटाट्यात स्टार्च बांधायचं मुख्य काम करतच नाही. ते काम करणारी मंडळी निराळी. मी सगळं उतरवून घेतलं.

रविवारी मावशींनी निर्मळला जेवायला बोलावलं होतं. मी आणि माझा नवरा स्कूटरवरून गेलो. जेवण झाल्यावर मावशी ओटीवर फुलं ओवायला बसल्या. सोमवारी पहाटे त्यांचा नवरा ती घेऊन बाजारात जाणार होता. त्यांनी दोऱ्याचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं, दोरा ताणून धरला, आणि पहिली दोन फुलं अंगठ्याला अगदी लागून गाठीत बसवली. मग तिसरं, चौथं, हात इतके भरभर चालायला लागले की बोटं दिसेनात.

"दोरा अंगठ्याला कशाला?" मी विचारलं, जन्मभर गजरे माळले असूनही.

"मग कशाला बांधू? पहिली गाठ कशावर तरी बसायला हवी की नको? हवेत बसत नाही. एकदा पाच-सहा फुलं झाली की सोडवते. मग हातातच धरून पुढचं."

मी नवऱ्याकडे बघून हसायला लागले. त्याला काही कळेना. मावशींनाही कळेना. मी त्यांना लायब्ररीतलं ते प्रथिन सांगितलं. ते पहिलं ग्लुकोज स्वतःच्या अंगावर बांधतं, हे ऐकल्यावर त्यांनी हातातला दोरा थांबवला.

"पण माझा अंगठा गजऱ्यात राहत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं ते आतच राहतं म्हणालात."

"हो. ते आतच राहतं."

"मग तेवढा फरक सांगा पोरांना. नाहीतर पेपरात अंगठा लिहून ठेवतील."

सोमवारी मी त्यांना वर्गात बोलावलंच. त्या नको नको म्हणत होत्या. सरांनी स्वतः त्यांना खुर्ची दिली, पण त्या खाली सतरंजीवर बसल्या, पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि मोगऱ्याची ओंजळ मांडीवर घेतली. दहा टेबलांची मुलं गोल करून उभी राहिली. मावशी गंभीर चेहऱ्यानं ओवत होत्या आणि मी सांगत होते. पहिली गाठ कुठे बसली बघा. आता पुढचं फूल कशाला धरतंय बघा. आठ फुलं झाल्यावर मावशींनी दोरा सोडवला आणि सुरू झालेला गजरा अर्नाळ्याच्या मुलीच्या हातात दिला, "घे, आता तू कर पुढे." तिनं केला. तिला येत होतं. मग प्रत्येकाला करून बघायचा होता. ते हळदीवालं पोरगंसुद्धा जीभ बाहेर काढून एक फूल बसवायला झटत होतं आणि ते सारखं गळून पडत होतं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

"झाडांचं काय मग?" मुलीनं शेवटी विचारलं.

"झाडांचं अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"कोनालाच?"

"कुणालाच."

तिचा चेहरा उजळला. शास्त्रात अजून न सापडलेलं काही असतं, आणि ते आपल्या प्रश्नाइतकं साधं असू शकतं, हे तिला त्या दिवशी कळलं असावं. मला तर नक्कीच कळलं. बऱ्याच वर्षांनी, आम्ही वसईला एव्हरशाईन सिटीत राहायला गेल्यानंतर, मी वाचलं की स्टार्च जोडणाऱ्या एन्झाइमांपैकी एक ठरावीक एन्झाइम एका छोट्या रोपातून काढून टाकलं, तर पानातल्या प्रत्येक हरितलवकात चार-पाच स्टार्चचे कण व्हायच्या ऐवजी एखादाच थोराड कण होतो. म्हणजे सुरुवात करण्यात त्याचा हात आहे. सगळं कोडं तेव्हाही सुटलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र आमच्या प्रयोगशाळेत वेगळंच खूळ शिरलं. थेंब म्हणून काय काय चालतं ते बघायचं, असं मुलांनी ठरवलं. सरांनी ग्लुकोजची नवी बाटली मागवली, स्वतःहून. नियम एकच: जे आणाल ते उकळायचं, गाळायचं, आणि आयोडीननं पिवळंच दिसेल इतकं पातळ करायचं. कुणी भाताची पेज आणली, कुणी बेकरीचा पाव कुस्करून आणला. मावशींनी वाडीतलं एक कच्चं केळं आणलं, एक पिकलं. साखरेच्या पाण्यानं काही झालं नाही, नुसत्या ग्लुकोजनंही नाही. पेजेनं झालं, पावानं झालं. कच्च्या केळ्यानं तर आठ मिनिटांत निळं केलं. पिकल्यानं बराच वेळ घेतला. मावशी दोन दिवस सगळ्यांना सांगत होत्या की निर्मळचं केळं पहिलं आलं.

आणि एके सकाळी अर्नाळ्याची मुलगी आईला घेऊन आली. आई लुगड्याचा काष्टा घातलेली, दंडात चांदीचं कडं, कमरेवर झाकलेली पाटी. पाटीत कालवं होती, समुद्रातल्या खडकांवरनं पहाटेच फोडून काढलेली.

"पोर म्हनली, कालवांत पन ती साखळी असते," आई म्हणाली. "खरं काय?"

खरं होतं. कालवांत ग्लायकोजेन भरपूर असतं. पोरीनं माझ्या लायब्ररीतल्या टिपणांची नक्कल करून घेतली होती आणि त्यातली एक ओळ धरून ती घरी गेली होती. आम्ही कालवं उकळली, पाणी गाळलं, पातळ केलं. आई स्टुलावर बसून बघत होती. पंधरा मिनिटं झाली, काही नाही. अर्धा तास झाला. मुलं पांगायला लागली. मग मुलगी एकदम म्हणाली, "आलं!" टाइलवर निळा नव्हे, तांबूस जांभळा रंग उतरला होता. बटाट्याच्या एन्झाइमला प्राण्याच्या साखळीचं टोक फारसं रुचत नाही, पण त्यानं शेवटी ते धरलं होतं.

आईनं टाइलवर वाकून बघितलं. "आमच्या कालवांचा रंग निराळाच," ती समाधानानं म्हणाली आणि उरलेली कालवं मावशींच्या पिशवीत ओतून टाकली. सर शाकाहारी होते. ते वासानं नाकाला रुमाल लावून उभे होते, पण जागचे हलले नाहीत.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. जाडजूड, घाईतले, चहा उभ्यानं पिणारे. अर्नाळ्याच्या मुलीची तोंडी परीक्षा सुरू झाली तेव्हा मी शेजारच्या खोलीत बरण्या लावायचं नाटक करत होते. मधल्या दारातून ऐकू येत होतं.

"स्टार्चची साखळी कशी वाढते?"

तिनं सांगितलं. न अडखळता, तिच्याच बोलीत.

"आणि सुरू कशी होते?"

"प्रान्यांत सांगते, सर. झाडांत अजून नक्की माहीत नाय. तुमाला माहीत आहे काय?"

माझ्या हातातली बरणी तिथेच राहिली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि परीक्षकांचा आवाज, आता बसून बोलणाऱ्या माणसाचा, "नाही बुवा. बस तू. सांग, प्राण्यांत कशी होते?" पाच मिनिटांची तोंडी परीक्षा अर्धा तास चालली. बाहेरची पोरं आपला नंबर कधी येणार म्हणून कुरकुरत होती. परीक्षक निघताना सरांना एवढंच म्हणाले, "त्या मुलीला एमएस्सीला पाठवा." तिनं पुढे एमएस्सी केली आणि आज ती एका कॉलेजात शिकवते. तिच्या वर्गात "पानी" म्हटल्यावर कुणी हसत नाही, असं तिनंच मला सांगितलं.

परीक्षा संपल्यावर तिच्या आईचा निरोप आला, सगळ्यांनी अर्नाळ्याला यायचंच. रविवारी आम्ही गेलो. मी, माझा नवरा, मावशी आणि सर. सरांसाठी तिच्या आईनं शेजारणीकडून नवं कोरं पातेलं आणून वेगळी आमटी आणि भाकरी केली होती. आमच्या पानांत सुरमई. जेवण झाल्यावर मुलीचे वडील म्हणाले, चला, होडीनं किल्ल्यापर्यंत फिरवून आणतो.

सर मागे सरले. वसईत इतकी वर्षं काढली, पण ते एकदाही होडीत बसले नव्हते. पोहता येत नाही म्हणाले. बूट भिजतील म्हणाले. शेवटी मुलीनं त्यांचे बूट काढून किनाऱ्यावर आईच्या हातात दिले, वडिलांनी हात धरला, आणि सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, तीन पेनं खिशाला तशीच ठेवून, होडीत येऊन बसले. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरलेली. पहिली लाट आली तसे त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या लाटेला एक डोळा उघडला. किल्ल्याचा बुरूज जवळ आला तोवर ते मुलीच्या वडिलांना विचारायला लागले होते की भरती कशी ओळखता, वारा कुठून आला हे कळतं कसं, जाळं विणताना सुरुवात कुठून करता. वडील एकेका प्रश्नाचं सावकाश उत्तर देत होते.

परत फिरताना सरांनी वल्हं मागितलं. त्यांनी दोन-तीनदा जोरानं पाणी ओढलं आणि होडी जागच्या जागी गोल फिरली. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या, माझ्या नवऱ्याच्या अंगावर पाणी उडालं होतं, आणि किनाऱ्यावर बूट हातात धरून उभी असलेली मुलीची आई ओरडून विचारत होती, "काय रे, परत येता की तिकडंच राहता?"

"अजून एक चक्कर!" सर ओरडले.